‘बॉम्ब पडल्यावर गोळ्या कोण खाणार?’ या प्रश्नाला माझं उत्तर

पूर्णगडची:

परवा ‘मुचकुंदी’ यांनी इथे लिहिलं, की किरणोत्साराच्या जखमांवर औषधं शोधत बसणं हे श्रीमंत देशांचं खूळ आहे. बॉम्ब पडल्यावर गोळ्या खायला कोणी शिल्लक राहत नाही, तेव्हा आपल्या प्रयोगशाळांनी यावर पैसा घालवण्यापेक्षा तो आरोग्य केंद्रांना द्यावा. खाली ‘सहमत’, ‘+१’ यांची रांग लागली. दोन दिवस गप्प राहिले, आता राहवत नाही.

बॉम्बचं सोडा. माझ्या आईवर किरणं सोडली ती उपचार म्हणून. आई चाळीस वर्षं मिशेरी लावायची. चुलीवर तव्यात तंबाखू भाजल्याचा तो वास आमच्या घराचाच वास होता. डाव्या गालात आधी पांढरा चट्टा, मग गाठ. मुंबईला ऑपरेशन, त्यानंतर सहा आठवडे शेक, म्हणजे किरणांचे उपचार. तिसऱ्या आठवड्यात तोंडाच्या आतली कातडी सुटली. पेज गाळून, गार करून, चमच्याच्या टोकावर दिली तरी तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. शेक संपला, जखमा भरल्या, पण लाळ परत आली नाही. भाकरीचा तुकडा पाण्याच्या घोटाशिवाय खाली उतरत नाही. उशाशी तांब्या भरून ठेवल्याशिवाय ती आजही झोपत नाही.

दोन वर्षांनी दाढ दुखायला लागली. गावाजवळच्या दंतवैद्याने काढली. त्याने विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही, कारण सांगायचं असतं हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. घरी आलेल्या कागदांवर त्याबद्दल एक ओळ नव्हती. ती जागा भरलीच नाही. चार महिन्यांनी आईने मला आरशापाशी बोलावून ओठ बाजूला केला. आत पिवळट काहीतरी दिसत होतं. मला वाटलं भात अडकलाय. ते जबड्याचं हाड होतं.

शेकाने हाडातल्या बारीक रक्तवाहिन्या बंद होतात, मग साधी दाढ काढली तरी हाड भरून येत नाही आणि हळूहळू मरतं. हे मला तेव्हा कळलं. ही किरणोत्साराचीच जखम आहे ना? मिशेरी आणि तंबाखूमुळे आपल्या किनाऱ्यावर तोंडाचे कॅन्सर किती आहेत ते सगळ्यांना माहीत आहे. त्यांतल्या कितीतरी जणांना शेक घ्यावा लागतो. ‘गोळ्या कोण खाणार’ असं विचारता, तर घ्या उत्तर. माझी आई खाईल.

मुचकुंदी:

ताई, आईंबद्दल वाचून वाईट वाटलं. पण माझं म्हणणं तुम्ही भलतीकडे नेलंत. कॅन्सरच्या पेशंटच्या त्रासावर औषध नको असं मी कुठे लिहिलंय? मी लिहिलं ते अणुयुद्ध, अणुभट्टीचे स्फोट वगैरेंसाठी साठवायच्या औषधांबद्दल.

आता माझं ऐका. माझा पुतण्या, वय अकरा. पावसाळ्यात पडवीत खाली झोपलेला. पहाटे पोटात दुखतंय म्हणाला. चावल्याची खूण कुठेही नाही. सहा वाजता पापण्या जड झाल्या, डोळे उघडेनात. मण्यार. आरोग्य केंद्रात नेलं तर सर्पदंशाची लस संपलेली. ‘रत्नागिरीला न्या.’ हातखंब्याचा तिठा यायच्या आत श्वास थांबला. माझ्या मांडीवर.

त्या लसीसाठी नवीन संशोधन लागत नव्हतं. ती शंभर वर्षांपूर्वीची विद्या आहे. फक्त फ्रीजमध्ये हवी होती. आणि तुम्ही मला सांगताय की दिल्लीत बसून किरणोत्सारावर औषध शोधणं गरजेचं आहे. मला नाही पटत. कधीच नाही पटणार.

सड्यावरचा डॉक्टर:

मी तालुक्याला नोकरी केली आहे, तेव्हा दोघांचंही दुःख ओळखीचं आहे. पण दोघेही दोन वेगळ्या गोष्टी एकाच टोपलीत घालताय.

पूर्णगडची यांच्या आईंना जबड्यावर साधारण ६० ग्रे किरणं मिळाली असणार (ग्रे हे अंगात मुरलेल्या किरणांचं माप). रोज २ ग्रे, तीस वेळा, आणि तीही ठरावीक जागेवर. तेवढी किरणं सगळ्या अंगावर पडली तर माणूस दोनेक दिवसांत जातो. सगळ्या अंगावर एकदम ४ ग्रेच्या आसपास पडली आणि उपचार मिळाले नाहीत, तर दोन महिन्यांत निम्मी माणसं दगावतात. कारण हाडांतला मगज रक्त बनवायचं थांबवतो. पांढऱ्या पेशी उतरतात, जंतुसंसर्ग होतो, रक्तस्राव होतो. हा आजार वेगळा आणि शेकानंतर वर्षांनी मरणारं हाड वेगळं. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. तेव्हा ताई, ‘माझी आई खाईल’ हे भावनेने बरोबर आहे, वैद्यकाने नाही.

मात्र मुचकुंदी, ‘शिल्लक कोण राहतं’ हेही चूक आहे. १९८६ ला सोव्हिएत युनियनमध्ये चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली, त्यात १३४ कामगारांना आणि आग विझवणाऱ्यांना तीव्र किरणोत्साराचा आजार झाला. त्यांपैकी २८ पहिल्या काही महिन्यांत गेले. शंभरावर त्यातून वाचले. माणसं शिल्लक राहतात आणि त्यांना उपचार लागतात. तेव्हा तेरा जणांना मगज बदलून पाहिला, त्याचा फारसा उपयोग झाला नाही. म्हणून पुढे शोध वळला तो आहे तोच मगज पुन्हा चालू करणाऱ्या औषधांकडे. २०१५ साली अमेरिकेत यासाठी पहिलं मान्य झालं ते फिल्ग्रास्टिम.

आता ते कसं तपासायचं? माणसांवर मुद्दाम किरणं सोडून चाचणी घेता येत नाही. म्हणून २००२ पासून तिथे नियम आहे, की अशा औषधांचा परिणाम प्राण्यांवर दाखवला आणि माणसांत ते सुरक्षित आहे हे सिद्ध असलं तर मान्यता मिळते. फिल्ग्रास्टिमसाठी ऱ्हीसस माकडांवर प्रयोग झाला. औषध दिलेल्या २४ पैकी ५ मेली, न दिलेल्या २२ पैकी १३. मान्यतेमागचा मुख्य पुरावा हा.

जेटीवरून:

डॉक्टरसाहेब, तुमचे आकडे ठीक आहेत, पण ही औषधं कशासाठी पुढे आणली जातात ते बोला ना. जैतापूरला तेव्हा १६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या ठरल्या होत्या. एकूण ९९००. एप्रिल २०११ मध्ये नाट्यात गोळीबार झाला, आमच्यातला एक माणूस गेला. मी तेव्हा जेटीवरच होतो. प्रकल्पवाले आमच्याकडे यायचे आणि सांगायचे, ‘काही झालंच तर आयोडीनच्या गोळ्या देऊ.’ गोळी दाखवली की लोकांची भीती कमी होते आणि सही मिळते. त्या गोळीचा उपयोग एवढाच. औषध आहे म्हटल्यावर धोका घ्यायला मोकळे!

आणि आम्ही मासे खाणारी माणसं, आयोडीन आमच्या पोटात जन्मापासून आहे.

सड्यावरचा डॉक्टर:

गोळीचं राजकारण तुम्ही मांडलंत, त्यावर मी बोलत नाही. पण माशाचं म्हणणं इथे कोणी खरं धरून बसू नये म्हणून लिहितो. रोजची आयोडीनची गरज दीडशे मायक्रोग्रॅम. मोठ्या माणसाच्या १३० मिलिग्रॅमच्या गोळीत त्याच्या सहाशेपट तरी असतं. थायरॉइड इतकी भरायची की किरणोत्सारी आयोडीनला आत जागाच उरू नये, असा तो प्रकार आहे. बांगडा कितीही खाल्लात तरी ते होत नाही. शिवाय ती गोळी फक्त थायरॉइडला वाचवते, तीही आधी किंवा पहिल्या काही तासांत घेतली तरच. १९८६ ला पोलंडने एक कोटीवर मुलांना आयोडीन पाजलं. पलीकडे सोव्हिएत भागात मुलं दूषित दूध पीत राहिली आणि पुढच्या वीस वर्षांत थायरॉइडच्या कॅन्सरचे सहा हजारांवर रुग्ण निघाले. गोळी प्रकल्पाच्या बाजूची नाही आणि विरोधातलीही नाही.

जेटीवरून:

हेच आम्हाला प्रकल्पवाल्यांनी कधी सांगितलं नव्हतं. ‘फक्त थायरॉइड’ आणि ‘पहिल्या काही तासांत’. रात्री दोन वाजता आमच्या होड्या वीस वाव पाण्यात असतात. तिथे गोळी कोण आणून देणार होतं?

हापूस_देवगड:

अवांतर आहे, पण माकडांचा विषय निघाला म्हणून लिहितो. ४६ माकडांवर प्रयोग झाला म्हणून आता कोणीतरी हळहळणार. आधीच सांगतो, आमच्याकडे येऊन बघा. माझी तीनशे कलमं. वांदरांचा एक कळप सकाळी येतो, कैरी खात नाही, चावतो आणि टाकतो. एका सकाळी झाडाखालून दोन क्रेट चावलेल्या कैऱ्या उचलल्यात. नारळाचं तर नावच नको, शहाळं धरायच्या आत खाली. फटाके झाले, जाळी झाली, कुत्रा झाला. अर्ज केले तर वनखातं पंचनाम्याला येईपर्यंत आंबा संपलेला असतो. माकडं प्रयोगाला हवीत तर आमच्याकडून न्यावीत. संशोधनही होईल, बागाही वाचतील.

जेटीवरून:

देवगडकर, तुमच्या कळपावर प्रयोग होणार नाही. ऱ्हीसस उत्तरेकडचं. आपल्याकडे लाल तोंडाचं ते बॉनेट मकाक आणि काळ्या तोंडाचा तो वानर. आणि माकडं पाठवणं आपण एकदा करून बसलोय. वर्षानुवर्षं आपल्याकडून हजारोंनी ऱ्हीसस अमेरिकेला जात होती, अट अशी की वैद्यकीय संशोधनासाठीच वापरायची. मग बाहेर आलं की तिथल्या लष्करी संस्थेत त्यांच्यावर न्यूट्रॉन किरणं सोडून ती किती वेळ चाकात धावू शकतात ते मोजलं जातंय. म्हणजे रणगाड्यातला सैनिक किती वेळ लढू शकेल ते. मोरारजी देसाईंनी १९७८ पासून निर्यात बंद केली. मला त्यांचं बाकी काही पटलं नाही तरी हे पटलं. किरणोत्साराच्या औषधाच्या नावाखाली काय चालतं ते त्यावरून बघा.

हापूस_देवगड:

निर्यात बंद केली म्हणूनच संख्या वाढली, असं आमचे वडील म्हणायचे. ज्याची बाग नाही त्याला दया परवडते.

तिलारी:

देवगडकर, जरा सांभाळून. दोडामार्गात २०१६ ला माकडं मरून पडायला लागली तेव्हा आम्हालाही आधी वाटलं, बरं झालं, काजू वाचला. मग माणसं तापाने पडायला लागली. माकडताप. मेलेल्या माकडावरच्या गोचिडी रानात पसरतात आणि काजू गोळा करायला गेलेल्याला चावतात. आमच्या वाडीत दोन घरांतून माणसं गेली. आता कुठे माकड मेलेलं दिसलं की आम्ही आधी आरोग्य खात्याला फोन करतो आणि त्या बाजूच्या रानात जात नाही. माकड आमच्यासाठी धोक्याची घंटा आहे.

आणि मुचकुंदी यांना विचारायचंय. माकडतापावर आजही नेमकं औषध नाही. जी लस होती ती पुरेशी चालत नाही म्हणून थांबवली. तुमच्या हिशोबाने माकडतापावर संशोधनही नको का? तोही मोजक्याच भागांतला आजार.

हापूस_देवगड:

मी मेलेल्या माकडांबद्दल बोलत नव्हतो, जिवंत माकडांबद्दल बोलत होतो. तुमच्या वाडीतल्या माणसांबद्दल वाईट वाटतं. पण बागायतदाराचं नुकसान कोणाला आजार वाटतच नाही. एका हंगामाचं कर्ज फेडायला दोन हंगाम लागतात. त्याला कोणी ‘जखम’ म्हणत नाही.

पूर्णगडची:

मी आईच्या जबड्याबद्दल धागा काढला आणि तो आंब्यावर आणि माकडांवर गेला. कृपा करून माकडांसाठी वेगळा धागा काढा. मी खरंच तिथे येऊन वाचेन, पण इथे नको.

डॉक्टर, तुमची दुरुस्ती मान्य. दोन जखमा वेगळ्या. पण एकीतून दुसरीकडे औषध जात नाही, हे मला मान्य नाही. मी पण थोडं वाचलंय. शीतयुद्धात अमेरिकेच्या सैन्याने किरणोत्सारापासून जवानांना वाचवणारं औषध हवं म्हणून चार हजारांवर रसायनं तपासली. त्यातून अमिफोस्टिन निघालं. सैन्याला ते काही फार कामी आलं नाही, कारण ते आधी टोचावं लागतं आणि त्याने उलट्या होतात, रक्तदाब खाली जातो. पण १९९९ मध्ये ते मान्य झालं, ते कशासाठी? डोक्या-मानेच्या शेकात लाळ वाचवण्यासाठी. लाळ! माझ्या आईची गेली ती लाळ. जे जवानासाठी शोधलं ते मिशेरी लावणाऱ्या बाईच्या तोंडाशी आलं.

सड्यावरचा डॉक्टर:

बरोबर आहे. ते मी लिहायला हवं होतं. अमिफोस्टिन सरसकट वापरलं जात नाही, त्रास होतो म्हणून, पण तुमचा मुद्दा चुकीचा नाही.

रात्रपाळी:

बरेच दिवस फक्त वाचतो, आज लिहितो. बॉम्ब नाही, अणुभट्टी नाही, कॅन्सर नाही. तरी माझा उजवा हात बघा.

वीस वर्षांपूर्वी रायगड जिल्ह्यात एका पाइपलाइनच्या कामावर मी आरटीचा, म्हणजे रेडिओग्राफीचा हेल्पर होतो. वेल्डिंगच्या जोडाचे एक्स-रे काढायचे असतात, त्याला इरिडियमचा सोर्स, म्हणजे किरणोत्सारी तुकडा लागतो. पेन्सिलच्या टोकाएवढा. तो जाड कवचाच्या कॅमेऱ्यात असतो, क्रँक फिरवला की केबलला लागून ट्यूबमधून पुढे जातो, उलटा फिरवला की परत येतो. काम रात्री, बाकीचे कामगार गेल्यावर. दोरी बांधायची, लाल दिवा लावायचा. त्या रात्री सोर्स परत आलाच नाही. ट्यूबच्या टोकाला अडकला. किरणं दाखवणाऱ्या सर्व्हे मीटरचा सेल उतरलेला, आणि किरणं मोजणारा बॅज माझ्या अंगावर नव्हता, ठेकेदाराने दिलाच नव्हता. वाटलं आला आत. मी टोक धरून ट्यूब सोडवली. मिनिटभर लागलं असेल. काही दुखलं नाही. थोडंसुद्धा नाही.

बाराव्या-तेराव्या दिवशी अंगठा आणि शेजारचं बोट लाल झालं, मग पाण्याने भरलं. गावातल्या डॉक्टरने विचारलं, ‘कुठे भाजलं?’ मी म्हटलं, भाजलं नाही. त्याने नागिणीचं मलम दिलं. दुसऱ्याने साबणाची ॲलर्जी सांगितली. मुंबईला पोचलो तेव्हा दीड महिना झाला होता. कातडी लावली, ती धरली नाही. शेवटी अंगठ्याचं पहिलं पेर आणि बोटाची दोन पेरं काढली. उरलेल्या भागाची कातडी आजही कागदासारखी आहे. थंडीत फुटते. शर्टाचं बटण लावायला बायको लागते. बांगडा साफ करताना काटा रुतला तर दोन महिने भरत नाही.

ठेकेदाराने सांगितलं, हा आमच्याकडे नव्हताच.

मुचकुंदी:

दादा, तुमच्यावर अन्याय झाला. पण मला हे सांगा, तुम्हाला औषध नव्हतं म्हणून बोटं गेली की मीटरचा सेल नव्हता आणि बॅज दिला नाही म्हणून गेली? पुन्हा तेच. सेल पन्नास रुपयांचा. संशोधन नकोय, फ्रीजमध्ये लस हवीय आणि मीटरमध्ये सेल हवाय. तुम्ही सगळे माझीच बाजू मांडताय आणि मलाच चूक ठरवताय. वर ‘माकडतापावरही नको का’ म्हणून मला माणुसकी शिकवायची! मी पोराला खांदा दिलाय.

रात्रपाळी:

सेल नव्हता म्हणून लागलं. पण लागल्यानंतर काय, त्याचं उत्तर तुमच्याकडे नाही. सेल घातला असता तर मी वाचलो असतो हे मला वीस वर्षं माहीत आहे. मला सांगू नका.

पूर्णगडची:

मुचकुंदी, तुमच्या पुतण्याला मी विसरले नाही. पण ‘एक तर हे, नाहीतर ते’ ही वाटणी कोणी केली? तुमच्याच पद्धतीने बोलते. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ ला बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात होते. लाल विंचू चावलेली माणसं फुफ्फुसात पाणी होऊन डोळ्यांदेखत जायची. चावायचा कोणाला? पेंढा उचलणाऱ्याला, जळाऊ लाकडं काढणाऱ्याला. तेव्हाही म्हणता आलं असतं, की विंचवावर कसलं संशोधन, आधी केंद्राला रस्ता द्या. रस्ता हवाच होता. पण रस्ता मिळूनही माणूस मेलाच असता, कारण काय द्यायचं हेच माहीत नव्हतं. त्यांनी रक्तदाबाचं प्राझोसिन देऊन बघितलं, नोंदी ठेवल्या, आणि शंभरात तीस जाणारे तीनच्या खाली आले. ते संशोधन महाडात झालं, अमेरिकेत नाही. आरोग्य केंद्र आणि संशोधन एकमेकांचे वैरी नाहीत.

सड्यावरचा डॉक्टर:

रात्रपाळी यांचं वाचून मलाच अपराधी वाटलं, कारण तो मलम देणारा डॉक्टर मी असू शकलो असतो. एमबीबीएसला हे आम्हाला अर्ध्या तासात उरकलं होतं. भाजल्याची आठवण नाही, दुखलं नाही, आणि दहा-पंधरा दिवसांनी फोड आले, तर विचारायचा प्रश्न एकच: तुम्ही काम काय करता?

उपचार पुढे गेलेत. २००५ मध्ये चिलीत एका बांधकामावर कामगाराने असाच पडलेला इरिडियमचा सोर्स उचलून मागच्या खिशात घातला. त्याला फ्रान्सच्या पर्सी लष्करी रुग्णालयात नेलं. तिथे किरणं कुठपर्यंत किती गेली याचा नकाशा काढून त्या मापाने मेलेला भाग कापला, कातडी लावली, आणि त्याच्याच मगजातून वाढवलेल्या मूळपेशी जखमेत टोचल्या. जखम भरली आणि वेदना गेल्या. रात्रपाळी यांची कातडी धरली नाही, कारण खालचं मांस आतून मरत होतं. नेमकं तेच त्यात सुधारलंय. हे आपल्याकडे व्हायला हवं की नको?

दिल्लीच्या मायापुरीत २०१० ला काय झालं आठवा. विद्यापीठाने १९६८ ला घेतलेलं, १९८५ पासून पडून असलेलं यंत्र भंगारात विकलं. आत कोबाल्ट होतं. भंगारवाल्यांनी ते फोडलं, एक जण गेला. ब्राझीलमध्ये गोयानियाला १९८७ ला असंच सीझियम निघालं, चार जण गेले. तिथे प्रशियन ब्ल्यू दिलं. सीझियम आतड्यात उतरतं आणि पुन्हा रक्तात शोषलं जातं. हे औषध त्याला आतड्यातच धरतं आणि शौचावाटे बाहेर काढतं. दिल्लीच्या इन्मास या संरक्षण संशोधनाच्या प्रयोगशाळेने ते आपल्याकडे तयार केलंय, मुचकुंदी ज्याला उधळपट्टी म्हणतात त्यातलंच. (कपड्यांची नीळ ती ही नव्हे, कोणी पिऊ नका.) पण मायापुरीच्या कोबाल्टवर ते चालत नाही. म्हणजे प्रत्येक विषाचं वेगळं औषध, जसं विंचवाला सापाची लस चालत नाही.

आणि मुचकुंदी यांच्या बाजूचं एक कबूल करतो. यातलं निम्मं काम बिनपैशाचं आहे. अंगावर किरणोत्सारी धूळ असेल तर कपडे काढले की बहुतेक ती जाते, बाकीची साबणाने. उलटी किती तासांत झाली ते लिहून ठेवायचं आणि सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, पुन्हा पुन्हा करून लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी किती वेगाने उतरतात ते बघायचं. किती किरणं लागली याचा अंदाज तेवढ्यावर येतो. सीबीसी ग्रामीण रुग्णालयातही होते. फक्त हे शिकवलेलं हवं.

जेटीवरून:

हे शिकवा, याला माझा विरोध नाही. पण ते प्रकल्पाच्या खर्चाने आणि प्रकल्पाच्या माणसांनी शिकवू नये, एवढंच. आमच्या गावात त्यांचं आरोग्य शिबिर नको.

मुचकुंदी:

डॉक्टर, ते २०१५ चं इंजेक्शन, काय नाव म्हणालात? फिल्ग्रास्टिम. केमोनंतर पांढऱ्या पेशी वाढायला देतात तेच का?

सड्यावरचा डॉक्टर:

तेच. कॅन्सरसाठी कधीचं वापरात आहे, आपल्याकडे बनतंही. किरणोत्सारासाठी मान्यता नंतर मिळाली.

मुचकुंदी:

मग ते मी आणलंय. बायकोच्या छातीच्या कॅन्सरला, दर केमोनंतर पाच दिवस. गावाला मिळायचं नाही. रत्नागिरीहून थर्मासमध्ये आणायचो, बर्फ मासळी बाजारातून घ्यायचो. कोळणीला सांगायचो, बारीक फोडून दे, बाटली फुटेल. एसटीत मांडीवर धरून बसायचो, दर अर्ध्या तासाने झाकण उघडून बर्फ बघायचो. थर्मासला मासळीचा वास लागला तो गेलाच नाही, अजून घरात आहे.

ठीक आहे. तेच औषध असेल तर ते शोधलं ते बरं झालं. एवढं मान्य. ‘खूळ’ हा शब्द मागे घेतो. पण त्या फ्रीजमध्ये लस नव्हती हे मी मागे घेणार नाही.

पूर्णगडची:

ते मागे घेऊ नकाच. मी कधी म्हटलं घ्या म्हणून?

हापूस_देवगड:

माकडांचा धागा काढलाय. तिलारी, तिकडे या, माकडतापाचं तिथे सविस्तर लिहा. गोचिडीचं मला माहीत नव्हतं. आमच्याकडे गेल्या महिन्यात एक मेलेलं मिळालं, गड्याने हातानेच उचलून पुरलं.

तिलारी:

गड्याला ताप आलाय का? आधी ते सांगा. येतोच.

मुचकुंदी:

डॉक्टर, एक विचारायचं होतं. बायकोचा छातीवर शेक झालाय, तीन वर्षं झाली. खालची दाढ काढायची आहे, सोमवारची वेळ घेतली आहे. पूर्णगडची ताईंचं वाचल्यापासून झोप नाही. काढू की नको?

सड्यावरचा डॉक्टर:

शेक छातीवर झाला असेल तर जबड्याला त्याचा धोका नाही. पण हाडांसाठी झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शन कधी दिलं होतं का? शिरेतून, सहा महिन्यांनी वगैरे? दिलं असेल तर सोमवारचं थांबवा आणि आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा, त्यानेही जबड्याचं हाड असंच उघडं पडतं.

मुचकुंदी:

काहीतरी सलाइनमधून द्यायचे, वर्षातून दोनदा. नाव आठवत नाही. फाइल माळ्यावर आहे, काढून फोटो टाकतो.